मेनू कार्डाची पाच पानं फाडा, राजेहो!

प्रति,
बसस्थानकासमोरचे, फाट्यावरचे, तहसील अन् कोर्टाच्या गेटजवळचे समस्त हॉटेलवाले, कॅन्टीनवाले, ढाबेवाले आणि नाश्ता सेंटरवाले,
यवतमाळ, वर्धा, अमरावती आणि लागून असलेले सगळे तालुके.

विषय : मेनू कार्ड एका पानावर आणण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी तुमची जुनी गिऱ्हाईक. बचत गटांच्या कामाने गावोगाव फिरते, सकाळची पहिली एसटी पकडते, त्यामुळे नाश्ता तुमच्याकडे आणि पुष्कळदा दुपारचं जेवणही तुमच्याचकडे. कुणाची कढई सातला चढते, कुणाचा रस्सा दहाच्या आत संपतो आणि कुणाचा रस्सा दिवसभर पाणी पिऊन संध्याकाळपर्यंत वाढतच जातो, याची मला चांगली खबर असते. तेव्हा हे पत्र कुण्या पुण्या-मुंबईच्या पाहुणीने नाकाला रुमाल लावून लिहिलेलं नाही, एवढं आधी सांगून ठेवते.

म्हणणं एकच आहे. तुमचं मेनू कार्ड फार लांबलं आहे. ते एका पानावर आणा.

अलीकडे तालुक्याच्या दर गावी एक तरी 'फॅमिली रेस्टॉरंट' झालं. बाहेर लाइटच्या माळा, आत प्लॅस्टिकची वेल, आणि टेबलावर प्लॅस्टिक चढवलेलं सहा पानी कार्ड. सूपपासून सुरुवात. मग स्टार्टर, चायनीज, तंदूर, पनीर, काजू, राइस, आणि आता पिझ्झा अन् मोमोज. व्हेज कोल्हापुरी आहे, व्हेज हैदराबादी आहे, व्हेज जयपुरी आहे. व्हेज दारव्हा किंवा व्हेज आर्वी मात्र अजून कुठं दिसली नाही. पोऱ्या पाण्याचे ग्लास ठेवतो, आपण कार्डावर बोट ठेवतो, तो म्हणतो, "ते नाही आहे आज." दुसऱ्या नावावर बोट ठेवावं तर "त्याले टाइम लागते." तिसऱ्या वेळी तोच आपल्यावर दया करतो, "पनीर बटर मसाला घ्या ना ताई, लवकर येते." म्हणजे खरं मेनू कार्ड त्या पोऱ्याच्या तोंडात असतं आणि ते एका ओळीचं असतं. छापलेलं नुसतं शोभेला.

आतलं गणित तुम्हाला मी काय सांगावं! कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू-मगजबीची पांढरी, हळदीची पिवळी, अशी तीन पातेली सकाळी तयार होतात. पुढं दिवसभर होतं ते या तिघींचं सरमिसळ. लालमध्ये थोडी पांढरी घातली की बटर मसाला, पांढरी जास्त झाली की शाही, लालमध्ये शिमला मिरचीचे तुकडे टाकून छोट्या कढईत आणली की कढाई, वरून दोन सुक्या मिरच्या तळून ठेवल्या की कोल्हापुरी. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. शहरातली हॉटेलंही अशीच चालतात. पण तिथं गिऱ्हाइकाची रीघ असते, रात्री पातेली घासायला जातात. तुमच्याकडे बाजाराचा दिवस आणि लग्नसराई सोडली तर तेवढी माणसं येतात कुठं? उरलेली ग्रेव्ही फ्रीजमध्ये, पनीर फ्रीजमध्ये, मोमो फ्रीजमध्ये, उकडलेल्या नूडल्स फ्रीजमध्ये, आणि फ्रीज सगळा लाइनीच्या भरवशावर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला, दुपारभर लाइन नाही, आणि संध्याकाळी आठ वाजता त्याच डब्यातलं पनीर हंडीत येतं. कार्डावरचं प्रत्येक जादा नाव म्हणजे फ्रीजमधला एक जादा डबा, हे तुम्हाला माहीत आहे. मला पनीर नको असतं ते याच्यामुळे. चवीशी माझं भांडण नाही.

आणि ते पनीर तरी कशाचं? दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घातलेलं ॲनालॉग बाजारात स्वस्तात मिळतं. ते विकायला बंदी नाही, पण पनीर म्हणून विकता येत नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. कार्डावर 'ॲनालॉग बटर मसाला' कुणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही.

आता बायकांची एक गोष्ट, जी तुमच्यातल्या एकानेही कधी मनावर घेतली नाही. हॉटेलात पाऊल टाकलं की गल्ल्यावरून हात दाखवला जातो, "ताई, फॅमिलीत बसा." फॅमिली म्हणजे मागची पडदा लावलेली खोली. आदर म्हणूनच म्हणता, ठाऊक आहे. पण कढई समोर आहे. आलुबोंडा समोर निघतो, रस्सा समोर उकळतो, मिरचीभज्यांचा वास समोर. पडद्याआड गेलं की ते सगळं बंद. "फॅमिलीत नाश्ता नाही भेटत, ऑर्डर द्या लागते." म्हणजे गडीमाणूस पंधरा-वीस रुपयांत गरम खाऊन चालता होतो, आणि बाईने मागं बसून अडीचशेची भाजी मागवावी किंवा नुसता चहा पिऊन उठावं. पंचायत समितीत मीटिंगला आलेल्या आमच्या गटाच्या बाया दुसरं करतात. चहा पितात आणि घरी जाऊन जेवतात. तुम्ही म्हणता धंदा नाही. अहो, गिऱ्हाईक तुमच्या दारातून उपाशी परत चाललं आहे. कढईजवळ दोन बाकडी बायांसाठी टाका, काय होतं ते पाहा.

कारण त्या कढईपाशी तुम्ही राजे आहात. आलुबोंडा घ्या. मला वडापावाचं कधी कौतुक वाटलं नाही. पाव कोरडा, घास घशाशी थांबतो, पाणी शोधावं लागतं. आपला आलुबोंडा प्लेटीत फोडायचा, वर रस्सा, वर कांदा, मूठभर चिवडा, लिंबू. बेसनाचं कवच आतून रस्सा पितं आणि कडा मात्र अजून कुरकुरीत असते, अशी दोनच मिनिटं मिळतात. तेवढ्यात खायचा. त्यानंतर तो लगदा होतो आणि तोही मला आवडतो, पण ती आवड वेगळी. कढीसोबत आलुबोंडा देणारे काही जण आहेत, त्यांना माझा वेगळा नमस्कार.

तर्री-पोह्याचा, म्हणजे हरभऱ्याच्या झणझणीत रश्शासोबतच्या पोह्यांचा, मान नागपूरवाले घेतात, घेऊ द्या. माझं मत विचाराल तर नागपुरात हल्ली तर्रीवर तेलाचा तवंगच जास्त असतो. आपल्याकडच्या कॅन्टीनात वाटीत निदान हरभरा सापडतो. रात्री भिजवलेला, चांगला शिजलेला, बोटाने दाबला की फुटणारा गावचा हरभरा. पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले, त्यामुळे साडेआठच्या बसने उतरलेल्यालाही मऊ मिळतात. पिझ्झ्याचा तयार बेस पाकिटातून काढून त्यावर सॉस चोपडणाऱ्या पोराला ही वाफ सांभाळायची कला येत नाही. ती तुमच्या आईला, काकाला येत होती आणि तुम्हालाही येते.

हिवाळ्यात तर मला तुमचा रागच येतो. कोथिंबिरीच्या, म्हणजे आपल्या सांबाराच्या, जुड्या बाजारात मातीमोल झालेल्या असतात, आणि सांबारवडी गावात एकजण करतो, तीही रविवारी. खसखस, सुकं खोबरं, तीळ, भरपूर सांबार, आतून चिंचेचं बोट, आणि पापुद्रा असा की कागदासारखा तुटावा. सोबत कढी. ही वडी ज्याला जमते त्याने दुसरं काही का करावं? पाटोडीचंही तेच. बेसन घट्ट शिजवून थापायचं, वड्या कापायच्या, झणझणीत रश्शात सोडायच्या. फ्रीज लागत नाही, पनीर लागत नाही, लाइन गेली तरी काही बिघडत नाही. घरी पाहुणे आले आणि भाजी नसली की आपल्या आया हेच करायच्या. तुमच्या सहा पानांत पाटोडी नाही.

आता विदर्भात बाहेरचे लोक काय खायला येतात ते आठवा. शेगावला कचोरी. स्टेशनावर वाढलेली, मुगाच्या डाळीची, सोबत तळलेली हिरवी मिरची; थंड झाली तरी चालते, कारण ती गाडीतच खायची असते. (गरम कचोरीपेक्षा मला तासाभराने खाल्लेली जास्त आवडते. यावर घरात भांडणं झाली आहेत.) वर्ध्याला गोरसपाक, गाईच्या तुपातलं बिस्कीट. अमरावतीला गिला वडा, दह्यात भिजलेला, तिखट चटणीने नाक पुसायला लावणारा. चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा भरते डिसेंबर-जानेवारीत, तिथं मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. एकेका ठिकाणी एकेक जिन्नस. यातल्या कुणाकडे सहा पानी कार्ड होतं? 'मल्टिक्युझिन' बोर्ड पाहून नागपूरहून गाडी काढून कुणी पुलगावला आल्याचं ऐकलं आहे का तुम्ही?

हे आज सांगायचं कारणही आहे. समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर. लांबच्या गाड्या आता त्यावरून जातात. त्यांना मधे फाट्यावर थांबताच येत नाही. जुन्या रस्त्यावर जो ट्रकवाला, जो पुण्याला निघालेला पोरगा तुमच्याकडे नाइलाजाने तंदुरी रोटी मागायचा, तो कमी झाला. उरलो आम्ही, रोजचे. आणि उरले ते, जे मुद्दाम वाट वाकडी करून येतील. वाट वाकडी करून पनीर हंडी खायला कोण येतं?

सावजीच्या बोर्डांबद्दल दोन शब्द. सावजी म्हणजे नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचं जेवण, हातमागावर आणि गिरण्यांत राबलेल्या घरांतून आलेलं. काळसर, दाट रस्सा, भाजून वाटलेला मसाला, तिखट असूनही मागं चव ठेवणारा. आता दर फाट्यावर 'सावजी' आहे, आणि त्यातल्या पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच की लाल तेल वर तरंगलं पाहिजे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. निव्वळ तिखट करायला अक्कल लागत नाही. आपल्याजवळ भिवापुरी मिरची आहे, वायगावची हळद आहे, दोघींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तुमच्या बोर्डावर 'सावजी' लिहिण्यापेक्षा 'वायगावच्या हळदीतलं गावरान' लिहा, मी तुमच्याकडे आधी येईन. सावजी ज्यांचं आहे त्यांच्याकडे जाऊन खाईन.

भाकरीचा विषय काढला की तुम्ही सगळे एका सुरात म्हणता, "ताई, ते तं लोक घरीच खातात. हॉटेलात काहून खातीन?" हे म्हणणं मी उडवून लावत नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्यांना हॉटेलात जाऊन पैसे देऊन भाकरी मागायला जड जातं. सोयरीक जुळवायला पाहुणे आले की टेबलावर पनीर दिसलं पाहिजे, नाहीतर मुलीच्या बापाची इज्जत जाते. मला सगळं समजतं. १९९५ मध्ये सरकारने एक रुपयात झुणका-भाकर काढली होती. केंद्रं उभी राहिली, पुढं योजना बंद पडली आणि कितीतरी केंद्रांतून झुणका-भाकर सोडून बाकी सगळं मिळायला लागलं. तेव्हा स्वस्त दिली म्हणून लोक भाकरी खातील असंही नाही.

पण आता गोष्ट उलटली आहे, ती तुमच्या ध्यानात आली नाही. शेतात ज्वारी राहिली कुठं? सोयाबीन, कपाशी आणि तूर. घराघरांत गव्हाच्या पोळ्या, त्याही रेशनच्या गव्हाच्या. भाकरी थापता येणारी सून मिळणं अवघड झालं आहे आणि मिळाली तर ती सकाळी नोकरीवर जाते. म्हणजे घरी रोज मिळणारी वस्तू आता पनीर झाली, मुलं त्याचाच डबा नेतात, आणि भाकरी बाहेर खायची चीज होऊन बसली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, ठिकठिकाणी बॅनर लागले, आमच्या बायांनी ज्वारीच्या पापडांचे स्टॉल मांडले. कार्यक्रम संपल्यावर जेवण काय होतं? जिरा राइस, दाल फ्राय.

तंदूरवाला कारागीर बाहेरून आणावा लागतो, त्याला राहायला खोली, जेवण, वर पगार, आणि दिवाळीला गेला की तो परत येईल याची खात्री नाही. अकरा ते तीन भाकऱ्या थापायला गावातली बाई येईल. चुलीची तिला सवय आहे, हिशेबाला ती पक्की असते. अंबाडीची भाजी, झुणका, वांग्याची भाजी, सोबत कच्चा कांदा. एवढ्यावर दुपारचं ताट उभं राहतं. ठेवून तर पाहा.

आता चायनीजवाल्यांना वाटेल, ही बाई आपल्यावर उठली. अजिबात नाही. संध्याकाळी शाळेच्या कंपाउंडजवळ लाल हातगाडी लावणारा पोट्टा मला तुमच्यातल्या अर्ध्यांपेक्षा बरा वाटतो. तो प्रत्येक प्लेट समोर करतो, मोठ्या आचेवर, कोबी डोळ्यांदेखत चिरतो, आणि त्याचं कार्ड एका पत्र्यावर मावतं. मंचुरियन चीनमधून आलेलं नाही, मुंबईतच १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग नावाच्या आचाऱ्याने ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. तेव्हा ते आपल्या आलुबोंड्याचं धाकटं भावंडच झालं. कोबी, मैदा, तेल आणि तिखट, आपल्याला परकं काय आहे त्यात? माझी हरकत फक्त रंगाला आहे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग टाकायला बंदी घातली. त्याआधी गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेने तर स्टॉलवरून गोबी मंचुरियनच हद्दपार केलं. खाल्ल्यावर दोन दिवस बोटं केशरी राहत असतील तर तो रंग कपड्याचा की खाण्याचा, हे त्या पोट्ट्यानेही विचारायला पाहिजे. तिखटाने जो लाल रंग येतो तेवढा बस आहे.

तेलाचंही तेच. १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तळणाच्या तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड', म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक, पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र तालुक्यात कुणाकडे असणार? पण तुमच्या डोळ्यांना कळतं. तेल काळं पडलं, फेस येऊन तो बसेना, धूर लवकर निघायला लागला, की त्याचं काम झालं. कढईत एकच जिन्नस तळणाऱ्याचं तेल जास्त टिकतं. सकाळी बोंडे, दुपारी मंचुरियनचे गोळे, रात्री चिकन, असं एकाच तेलात चाललं की ते रात्रीपर्यंत डांबर होतं. लहान कार्डाचा हाही फायदा. सोयाबीन आपण पिकवतो, तेल मात्र पिंपातून विकत आणून त्याचा असा जीव घेतो.

आणि पोह्यांखाली वर्तमानपत्र देऊ नका, हात जोडते. २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत त्याला सरळ मनाई आहे, कारण छपाईची शाई गरम अन्नात उतरते. आपल्या भोवती पळस माजला आहे. आमच्या गटांच्या बाया पळसाचे द्रोण लावून द्यायला तयार आहेत. मी हे गट चालवते म्हणून सांगते असं वाटेल. हो, म्हणूनच सांगते. घेणार कुणी असेल तर माल आहे.

तर एका पानावर काय राहील? सकाळी पोहे-तर्री, आलुबोंडा-रस्सा, मिरचीभजे. दुपारी झुणका, पाटोडी किंवा त्या दिवशी बाजारात आलेली भाजी, भाकरी, वरण-भात. हिवाळ्यात सांबारवडी. मटण करत असाल तर आठवड्यातून दोन दिवस, सांगून. सोयरीकवाल्यांसाठी एक पनीरही ठेवा, एकच, सकाळी आणलेलं. "पनीर नाही ठेवलं तं पोट्टे दुसरीकडे जातात," असं एका मालकाने मला ऐकवलं होतं. जाऊ द्या त्यांना. पगार झाल्यावर महिन्यातून एकदा जातात ते. मी आठवड्यातून चारदा येते, आणि माझ्यासारख्या अंगणवाडीवाल्या, आशाताई, ग्रामसेवक, शिक्षक, बँकेचे वसुलीवाले कितीतरी येतात. आम्हाला सव्वा वाजता बसायला मिळालं आणि दोनच्या बसला निघता आलं की पुरे.

पुढच्या सोमवारपासून आमची प्रशिक्षणं सुरू होत आहेत, तालुक्याच्या ठिकाणी, रोज तीस-पस्तीस बाया. जेवणाचं कंत्राट अजून कुणाला दिलेलं नाही. वर लिहिलेलं दुपारचं ताट जो करून देईल, त्याने दर कळवावा. जिरा राइस असेल तर कळवू नये.

आपली,
फॅमिलीत न बसणारी एक गिऱ्हाईक

ता. क. : टेबलावरच्या टोमॅटो सॉसच्या बाटलीत पाणी घालून ती पुरवता, ते दिसतं. त्याच जागी जवसाची चटणी ठेवली तर पाणी घालता येणार नाही, पण बाटलीही घ्यावी लागणार नाही.